हँडल केव्हा बंद करायचे

येत्या ८ मार्च २०२६ ला, रविवारी, आपल्या घड्याळात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतील तेव्हा मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कमध्ये पाच लाल दिवे एकामागून एक लागतील, एकदम विझतील आणि फॉर्म्युला वनच्या ७७व्या हंगामाला सुरुवात होईल. इतकी वर्षे ही स्पर्धा पाहत आले आहे, परंतु एखाद्या हंगामाची एवढी ओढ आणि त्याच्या जोडीला एवढी धाकधूक मला क्वचितच वाटली असेल. गाडीची लांबी-रुंदी, पंख, टायर, इंधन आणि इंजिन हे सगळे या वेळी एकाच हिवाळ्यात बदलले आहे. प्रत्येक बदलावर लिहायचे म्हटले तर एक लेख पुरणार नाही. मला आज एकाच गोष्टीबद्दल लिहायचे आहे, कारण माझ्या मते बाकीच्या सगळ्या गोष्टी शेवटी तिच्यापाशीच येऊन थांबतात. ती गोष्ट म्हणजे विजेचा हिशेब.

हा हिशेब मी पुस्तकातून शिकले त्याच्या कितीतरी आधी बाबांकडून शिकले. ते मध्य रेल्वेवर मोटरमन होते. निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षे झाली, तरी लोकलमध्ये बसले की त्यांचे कान अजूनही मोटरच्या आवाजाकडेच असतात. मी शाळेत असताना एकदा आम्ही कल्याणकडे जाणाऱ्या धीम्या गाडीत, मोटरच्या डब्यात बसलो होतो. मुलुंड सुटल्यावर पायाखालचा घुमणारा आवाज चढत गेला आणि ठाणे दिसायच्या कितीतरी आधी एकाएकी थांबला. गाडी मात्र जवळजवळ त्याच वेगाने धावत राहिली. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘ऐकलंस? हँडल बंद केलं त्यानं. आता गाडी नुसती वजनावर चाललीय. ठाण्यापर्यंत मोटर वीज घेणार नाही.’ याला रेल्वेत कोस्टिंग म्हणतात. वेळापत्रक न चुकवता जो मोटरमन हँडल लवकर बंद करू शकतो त्याची गाडी कमी वीज खाते. आणि ते नेमके केव्हा बंद करायचे हे चढ, उतार, डब्यांतली गर्दी, पावसाने ओले झालेले रूळ या सगळ्यांचा अंदाज घेऊन त्याला ठरवावे लागते. पुढे नव्या गाड्या आल्या, त्या ब्रेक लावताना मोटरचाच जनित्रासारखा उपयोग करून वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत सोडू लागल्या, तेव्हा बाबांच्या हिशेबाला खर्चाबरोबर जमेची बाजूही आली. फॉर्म्युला वनचे २०२६ चे नियम वाचताना मला सारखे तेच हँडल आठवत राहिले.

आता इंजिनाकडे वळते. १.६ लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन तेच राहिले आहे, परंतु पूर्वी साधारण ५५० किलोवॅट देणाऱ्या या इंजिनाची शक्ती आता ४०० किलोवॅटच्या आसपास आणली आहे. ही तूट विद्युत मोटरने भरून काढायची आहे. तिची शक्ती १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर, म्हणजे जवळजवळ तिप्पट झाली आहे. गाडीच्या एकूण ताकदीत पेट्रोलचा आणि विजेचा वाटा निम्मा-निम्मा असावा, या कल्पनेतून हे सगळे घडले आहे. २००९ साली ब्रेकमधून ऊर्जा साठवणारी केर्स नावाची पद्धत आली तेव्हा ती अवघी ६० किलोवॅटची होती आणि एका फेरीत सुमारे ६.७ सेकंद वापरता येत असे. त्या काळात वीज म्हणजे भाजीवरची कोथिंबीर होती. आता ती निम्मे जेवण झाली आहे.

केर्सच्या त्या काळातली एक शर्यत आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहिली आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये बाबा आणि मी रेल्वेने दिल्लीला गेलो आणि तिथून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर पोहोचलो. त्या दिवशी सेबास्टियन व्हेटेलने भारतातली तिसरी शर्यतही जिंकली, सलग चौथे जगज्जेतेपद पक्के केले आणि शर्यत संपल्यावर मुख्य सरळ पट्ट्यावर गाडी गरागरा फिरवून तिच्यासमोर गुडघे टेकले. सगळे मैदान उभे राहून ओरडत होते. बाबा मात्र घरी परतताना दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होते. त्यांनी मला विचारले, ‘ब्रेकच्या आधी काही जण पाय उचलत होते, तुझ्या लक्षात आलं का?’ माझ्या लक्षात आले नव्हते. आठ सिलिंडरांच्या त्या कर्णकर्कश आवाजात, सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक लागण्याच्या अगोदरचा तो क्षणभराचा उसासा त्यांनी नेमका टिपला होता. पेट्रोल वाचवण्यासाठी चालक जो पाय उचलतात त्याला शर्यतीच्या भाषेत लिफ्ट अँड कोस्ट म्हणतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते मी विसरलेले नाही. आपले काम त्या मैदानावर कुणीतरी करते आहे, असे ते समाधान होते.

तंत्रनिकेतनात मी विद्युत अभियांत्रिकी शिकवते. या सत्रात विद्यार्थ्यांना मी नव्या नियमांचे गणित फळ्यावर मांडून दाखवले, तेच इथे मांडते. बॅटरीतून एका वेळी वापरता येण्याजोगी ऊर्जा ४ मेगाज्यूल आहे. मोटर ३५० किलोवॅटने ती ओढू लागली की भरलेली बॅटरी साडेअकरा सेकंदांच्या आत रिकामी होते. फेरी असते सव्वा ते पावणेदोन मिनिटांची. म्हणून फेरीत जागोजागी ती पुन्हा भरत राहावी लागते, आणि एका फेरीत भरण्याची कमाल मर्यादा साधारण साडेआठ मेगाज्यूल ठेवली आहे. काही सर्किटांवर ती याहूनही कमी असेल. एवढी ऊर्जा त्याच मोटरने, पूर्ण ताकदीने गोळा करायची म्हटली तरी चोवीस सेकंद लागतात. आता प्रश्न असा येतो की फेरीतले हे चोवीस सेकंद आणायचे कुठून?

ब्रेक लावताना, हे पहिले उत्तर. पण तिथे एक अडचण आहे, आणि ती माझ्या विद्यार्थ्यांनाही लगेच पटली नाही. चालक आणि थोडे इंधन धरून ८५० किलो वजनाची गाडी ताशी ३०० किलोमीटरवरून १०० वर आणली तर तिच्यातून सुमारे २.६ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडते. मोठी रक्कम आहे ही. मात्र फॉर्म्युला वनचे ब्रेकिंग दोनेक सेकंदांत आटोपते आणि तेवढ्या वेळात ३५० किलोवॅटची मोटर फार तर ०.७ मेगाज्यूल पदरात पाडू शकते. उरलेला जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कार्बनच्या डिस्क तापवून हवेत जातो. शिवाय मोटर फक्त मागच्या चाकांशी जोडलेली आहे. ज्या पुढच्या चाकांवर ब्रेक लावताना सगळ्यात जास्त भार येतो, तिथून काहीच परत मिळत नाही. फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या स्पर्धेत पुढच्या चाकांवरूनही ऊर्जा गोळा होते, आणि मुंबईच्या महिंद्रा समूहाचा संघ तिथे २०१४ च्या पहिल्या हंगामापासून हा खेळ खेळतो आहे. फॉर्म्युला वनने ती वाट घेतली नाही.

पूर्वी आणखी एक स्रोत होता. टर्बोच्या दांड्यावर बसवलेले एमजीयू-एच नावाचे यंत्र धुरांड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूपासून वीज बनवत असे. तांत्रिकदृष्ट्या ते अप्रतिम होते, आणि मला ते जाताना खरोखर वाईट वाटते. पण ते अतिशय महाग आणि किचकट होते, रस्त्यावरच्या गाड्यांना त्याचा उपयोग नव्हता आणि त्याच्यामुळे नव्या कंपन्या इंजिन बनवायला पुढे येत नव्हत्या. ते काढून टाकण्याचा निर्णय झाला, त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ऑडीने येण्याची घोषणा केली. सौद्यात काय दिले आणि काय मिळाले हे उघड आहे. घरात कमावणारे दोघे होते, त्यातला एक गेला आणि खर्च तिप्पट झाला.

म्हणून बाकीची वीज दोन मार्गांनी जमवावी लागेल. पहिला मार्ग बाबांचा: वळण येण्याआधीच पाय उचलायचा, गाडी वजनावर जाऊ द्यायची आणि त्या वेळात मोटरला जनित्र करून टाकायचे. दुसरा मार्ग मला मुळीच आवडलेला नाही. त्यात चालकाचा पाय पूर्ण दाबलेला असतानाच, सरळ पट्ट्याच्या उत्तरार्धात, इंजिनाच्या शक्तीतला काही भाग चाकांकडे न जाता बॅटरीकडे वळवला जातो. याला सुपर क्लिपिंग म्हणतात. चालकाने काहीही ठरवलेले नसते. आज्ञावलीत आधीच भरून ठेवलेल्या हिशेबाप्रमाणे ते आपोआप घडते आणि सरळ पट्टा संपण्याआधीच गाडीचा वेग उतरू लागतो. रेड बुलचा चालक मॅक्स व्हरस्टॅपन याने २०२३ मध्येच जाहीर इशारा दिला होता की इटलीतल्या मॉन्झासारख्या लांब पट्ट्यांच्या ठिकाणी सरळ पट्ट्यावर खालचा गिअर टाकायची वेळ येईल. तेव्हा अनेकांनी ती अतिशयोक्ती मानली. त्यानंतर नियमांत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. मोटरची पूर्ण ताकद ताशी २९० किलोमीटरपर्यंतच मिळेल आणि तिथून पुढे ती उतरत जाऊन ३४५ ला शून्यावर येईल, अशी तरतूद केली गेली. तरीही मूळ प्रश्न सुटलेला नाही, कारण तो गणिताचा आहे.

बचत करावी लागते म्हणून ही शर्यतच राहिली नाही, असे म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. या खेळाच्या इतिहासातली काही सर्वोत्तम पाने टाकीच्या तळाशीच लिहिली गेली आहेत. १९५९ च्या डिसेंबरमध्ये सेब्रिंगला शेवटच्या फेरीत जॅक ब्रॅबहमचे पेट्रोल संपले, तेव्हा त्याने खाली उतरून गाडी ढकलत अंतिम रेषेपार नेली, चौथा क्रमांक मिळवला आणि जगज्जेतेपदही. १९८५ साली इमोलाला थोड्याच फेऱ्या उरल्या असताना आघाडीवरच्या सेन्नाची टाकी कोरडी पडली, त्याच्या जागी आलेल्या योहानसनचीही पडली, पहिल्या आलेल्या प्रॉस्टच्या गाडीचे वजन कमी भरले आणि विजय एलिओ द आंजेलिसला मिळाला. तोच प्रॉस्ट १९८६ च्या हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत, अॅडलेडला, पेट्रोल संपल्याचा आकडा समोर दिसत असताना धावत राहिला, शर्यतीबरोबर विजेतेपदही जिंकला आणि रेषा ओलांडताच गाडी थांबवून बाहेर उडी मारून नाचला. त्या वर्षी एका शर्यतीला १९५ लिटर पेट्रोल मिळत असे आणि ते कुठे उधळायचे, कुठे राखायचे हे त्याच्या उजव्या पायाला माहीत होते. त्याला प्राध्यापक म्हणत ते उगीच नाही.

माझा आग्रह एवढाच आहे की हा निर्णय माणसाचा असावा. अल्बर्ट पार्कच्या पन्नासाव्या फेरीत पुढच्याला गाठण्यासाठी आत्ताच सगळी वीज खर्च करायची की दोन वळणे थांबायचे, हे ज्याने त्याने स्वतः ठरवले तर ती शर्यत आहे. तेच सॉफ्टवेअरने आदल्या रात्री ठरवून ठेवले असेल तर आपण गाड्यांची मिरवणूक पाहत बसू. या दृष्टीने नव्या नियमांतला एक भाग मला आशा देणारा वाटतो. स्टिअरिंगवर बूस्टचे, म्हणजे बॅटरीतली ताकद हवी तेव्हा वापरण्याचे, एक बटण असेल आणि ते पुढे जाण्यासाठी किंवा बचावासाठी, फेरीत कुठेही, चालकाला आपल्या मनाने दाबता येईल. त्याखेरीज ओव्हरटेक मोड असेल. ठरलेल्या जागी पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलेल्याला मोटरची पूर्ण ताकद ताशी ३३७ किलोमीटरपर्यंत वापरता येईल आणि अर्धा मेगाज्यूल जास्तीची ऊर्जाही मिळेल. २०११ पासून चालत आलेले डीआरएस, म्हणजे पाठलाग करणाऱ्याला मागचा पंख उघडून वेग वाढवू देणारी सोय, यामुळे निकालात निघाले. पुढचे आणि मागचे दोन्ही पंख आता सरळ पट्ट्यावर सगळ्यांनाच पाडता येतील, कारण हवेचा विरोध कमी केल्याशिवाय एवढ्या विजेवर गाडी वेगात राहूच शकत नाही.

डीआरएस गेल्याचे मला मनापासून समाधान आहे. मागच्याने पंख उघडायचा, पुढच्याने आरशात बघत हताश बसायचे, हा एकतर्फी प्रकार होता. आता पुढच्याकडेही साठवलेली वीज असेल. त्याने ती एका वळणावर बचावासाठी खर्च केली तर पुढच्या पट्ट्यावर तो उघडा पडेल. मागच्याने हल्ला फुकट घालवला तर तोच मागे फेकला जाईल. एक फेरी आधी केलेल्या उधळपट्टीची किंमत एक फेरी नंतर मोजावी लागेल, आणि आपण प्रेक्षकांनीही डोळ्यांत तेल घालून तो हिशेब ठेवायला शिकावे लागेल.

नियामकांकडे एक सोपा उपाय आहे आणि तो त्यांनी हाताशी ठेवावा असे मला वाटते. शर्यतीत मोटरची ताकद ३५० वरून २०० किलोवॅटपर्यंत खाली आणावी, असा प्रस्ताव गेल्या वर्षी चर्चेला आला होता. तसे केले तर बॅटरी जास्त वेळ पुरेल, सरळ पट्ट्यावरचा तो विचित्र उतार कमी होईल आणि पूर्ण ताकद फक्त ओव्हरटेक करणाऱ्याला राखून ठेवता येईल. ज्यांनी वीजप्रधान इंजिनावर कोट्यवधी खर्च केले त्यांना हे रुचले नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु पहिल्या पाच-सहा शर्यतींत सुपर क्लिपिंगचा त्रास डोळ्यांना दिसू लागला तर या प्रस्तावाची धूळ झटकायला कुणी कमीपणा मानू नये.

बाकीचे बदल थोडक्यात सांगते. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, कमाल ३,६०० मिलिमीटरऐवजी ३,४०० आणि रुंदी २,००० ऐवजी १,९०० मिलिमीटर झाली आहे. वजन जवळजवळ ३० किलोंनी कमी करायचे आहे. टायर पुढे २५ आणि मागे ३० मिलिमीटरनी अरुंद झाले आहेत. २०२२ पासून गाडीखाली असलेले हवेचे बोगदे गेले आणि तळ बराचसा सपाट झाला. मोनॅकोच्या गल्ल्यांत या आटोपशीर गाड्या किती शोभून दिसतील, याची मला उत्सुकता आहे. इंधन संपूर्णपणे शाश्वत स्वरूपाचे असेल. ते खाण्याच्या पिकांपासून बनवता येणार नाही. शेतातला काडीकचरा, शहरातला कचरा किंवा हवेतून पकडलेला कार्बन यांतूनच त्याचा कार्बन आला पाहिजे. ज्या राज्यात उसाच्या रसापासून बनणाऱ्या इथेनॉलवर साखर कारखान्यांचा ताळेबंद हलतो, त्या राज्यातल्या वाचकांनी हा फरक लक्षात ठेवावा असे मला वाटते.

संघांचा पटही विस्कटून नव्याने मांडला आहे. २०१६ नंतर प्रथमच ग्रिडवर, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगांत, ११ संघ आणि २२ गाड्या असतील. अकरावा संघ कॅडिलॅकचा. फेरारीचे इंजिन घेऊन येणाऱ्या या नव्या अमेरिकी संघाने पेरेझ आणि बोट्टास या दोन अनुभवी चालकांवर भरवसा ठेवला आहे. साउबरचे रूपांतर ऑडीत झाले आहे. रेनोने इंजिन बनवणे थांबवले आणि त्यांचाच अल्पाइन संघ मर्सिडीजचे इंजिन वापरणार आहे. एवढा मोठा वारसा असलेल्या कंपनीने असा हात झटकावा, याचे मला दुःख झाले. रेड बुलने फोर्डच्या साथीने इतिहासात प्रथमच स्वतःचे इंजिन बांधले आहे. आणि ज्यांनी रेड बुलला जिंकून दिले ती होंडा आता अॅस्टन मार्टिनकडे आहे. तिथे नामवंत रचनाकार एड्रियन न्यूईची गाडी, होंडाचे इंजिन आणि ४४ वर्षांचा फर्नांडो अलोन्सो एकत्र आले आहेत. २०१५ साली मॅक्लारेनमध्ये होंडाच्या कमकुवत इंजिनावर अलोन्सोने जपानमधल्या सुझुकाला रेडिओवरून काढलेला तो संतप्त उद्गार ज्यांना आठवतो, त्यांना या पुनर्भेटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

भीती आहे ती २०१४ ची. तेव्हाही इंजिनाचे नियम मुळापासून बदलले होते आणि मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. लागोपाठ आठ वर्षे संघांचे विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले. या वेळी त्यांचे इंजिन मॅक्लारेन, विल्यम्स आणि अल्पाइन धरून चार संघांकडे आहे, त्यामुळे ते पुढे निघाले तर निदान आपसांतली लढत पाहायला मिळेल. शिवाय मागे पडलेल्या इंजिन-निर्मात्याला हंगाम चालू असतानाच सुधारणेची जादा संधी देण्याची सोय नियमांत केली आहे. ही सोय मला योग्य वाटते. २०१४ नंतर मागे पडलेल्यांना वर्षानुवर्षे वर डोके काढता आले नाही, ती चूक पुन्हा होऊ नये.

चालकांपैकी लँडो नॉरिस गाडीवर १ हा आकडा लावून उतरेल. गेल्या डिसेंबरात अबू धाबीला त्याने व्हरस्टॅपनला अवघ्या दोन गुणांनी मागे टाकले, ४२३ विरुद्ध ४२१. टायर जपण्याची त्याची हातोटी पाहता वीज जपण्यातही तो पुढे राहील, असा माझा अंदाज आहे. हॅमिल्टनला फेरारीतल्या पहिल्या वर्षी रविवारच्या एकाही मुख्य शर्यतीत पहिल्या तिघांत येता आले नाही; त्याच्यासाठी हा नवा डाव आहे आणि तो त्याला साधावा असे मला मनापासून वाटते. रेसिंग बुल्सकडून अवघ्या १८ वर्षांचा आर्विड लिंडब्लाड पदार्पण करतो आहे. तो ब्रिटिश चालक आहे, वडिलांकडून स्वीडिश आणि आईकडून भारतीय वंशाचा. २००५ साली नारायण कार्तिकेयन आणि २०१० साली करुण चंढोक ग्रिडवर उभे राहिले तेव्हा जो आनंद झाला होता तो हा नाही, हे मला मान्य आहे. तरी त्याच्या गाडीकडे माझी नजर वारंवार जाईल.

जाहीर झालेल्या वेळापत्रकात २४ शर्यती आहेत आणि सप्टेंबरात माद्रिदचे नवे सर्किट पाहायला मिळेल. जानेवारीच्या अखेरीस बार्सिलोनात बंद दाराआड पहिल्या चाचण्या होतील, मग फेब्रुवारीत बहारीनमध्ये. तिथल्या फेऱ्यांच्या वेळांवरून मी कोणताही निष्कर्ष काढणार नाही, कारण टाकीत पेट्रोल किती आणि बॅटरीत वीज किती हे बाहेरच्याला दिसत नाही. मी पाहणार आहे ते एवढेच की एक संघ सलग किती फेऱ्या विनाअडथळा पूर्ण करतो.

खरी परीक्षा मेलबर्नलाच आहे, आणि विजेच्या बाबतीत ती अवघड परीक्षा आहे. अल्बर्ट पार्कची फेरी ५.२७८ किलोमीटरची, अशा ५८ फेऱ्या. तिथे खरोखर जोराचे ब्रेकिंग मोजक्याच ठिकाणी आहे, आणि सहाव्या वळणानंतर तलावाच्या कडेने जो वळत जाणारा लांब पट्टा आहे त्यावर पाय दाबलेलाच राहतो. म्हणजे कमाईच्या जागा थोड्या आणि खर्चाची जागा मोठी. नवव्या-दहाव्या वळणांच्या त्या भरधाव जोडीत शिरताना कुणाची बॅटरी जिवंत असेल, यावर अकराव्या वळणावरचे ओव्हरटेक ठरेल असे मला वाटते.

बाबांना मी हे सगळे कागदावर काढून दाखवले. चौदा वळणांचा नकाशा, ब्रेकच्या जागा लाल पेन्सिलीने, आणि तलावाकाठचा पट्टा निळ्या. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला, मग सहाव्या आणि नवव्या वळणांच्या मध्ये एका ठिकाणी नख टेकवले आणि म्हणाले, ‘मी असतो तर इथं बंद केलं असतं.’ मी तिथे पेन्सिलीने एक बारीक फुली मारून ठेवली आहे. गेल्या वर्षीपासून त्यांना कानाला यंत्र लावावे लागते, म्हणून त्या दिवशी टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवायचा आणि मध्ये कुणी बोलायचे नाही, असे त्यांनी घरात सगळ्यांना आतापासूनच सांगून ठेवले आहे.